तंबूतली ऊब

तंबूतली ऊब नीवेसला कधीच सोसली नाही. बाहेर नाकातले केस गोठवणारी थंडी असायची आणि ताडपत्रीच्या आत शिरलं की बाकीची माणसं हुश्श करून हातमोजे काढायची, तळवे चोळायची. नीवेस मात्र पडद्यापाशीच उभी राहायची. थंडी निदान चावते, आपण येतोय हे सांगून येते, ऊब मुकाट्यानं येऊन मांडीवर बसते, असं ती म्हणायची. तिचा बाप तिला हसायचा.

बाप म्हणजे ओदोरिको त्रामोंतिन. घराच्या दारातलं नक्षीचं काँक्रीट करून घ्यावं तर त्याच्याकडूनच, असं म्हणणारे लोक कॅनडातल्या सबंध थंडर बेमध्ये पुष्कळ होते, आणि त्यांत सगळ्यांत मोठ्यानं म्हणणारा तो स्वतः. त्याच्या वाडवडिलांनी तिकडे इटलीत, फ्रिउलीत, देवळांतून रंगीत खड्यांच्या फरश्या घातल्या होत्या. विशीत इकडे आल्यावर त्यानं पहिल्याच हिवाळ्यात ओळखलं की इथे सुट्या दगडांची फरशी म्हणजे पैसे पाण्यात. जमीन गोठून फुगते आणि वसंतात बघावं तर एकेक दगड आपापल्या दिशेला तोंड करून बसलेला. मग तो एकसंध स्लॅब ओतायला लागला. ओला असतानाच त्यावर रंगाची पूड पेरायची, वेळ साधून रबरी साचे मांडायचे, वरून धुम्मस ठोकायची. साचा उचलला की खाली दगडच दगड. लोक वाकून हात लावून बघायचे आणि तरी त्यांना खरं वाटायचं नाही.

काँक्रीट म्हणजे त्याच्या लेखी तान्हं मूल. ओतल्यापासून घट्ट होईपर्यंत उशाशी बसायचं, पाठ फिरवायची नाही, वारा लागू द्यायचा नाही, ही त्याच्या घराण्याची रीत. खुद्द नीवेस जन्मली तेव्हा हा गृहस्थ कुणाच्याशा अंगणातल्या स्लॅबच्या उशाशी बसून होता. दोरीनानं, म्हणजे नीवेसच्या आईनं, हे त्याला स्वतः मरेपर्यंत ऐकवलं. तो ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायचा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही शाबूत होता.

नीवेसच्या भीतीला कारण होतं. दोन हिवाळ्यांमागे देनिस गेला. फ्रिउलीच्या लोकांच्या क्लबात सगळ्यांत छान नाचणारा, तिच्याच वयाचा, याच धंद्यातला. असाच तंबू, असाच आत पेटवलेला गॅसचा हीटर. सकाळी लोक आत गेले तर तो उपड्या बादलीवर बसलेला होता, मांडीवर थापी, गाल लहान मुलासारखे गुलाबी. दोन माणसांनी त्याला खुशाल हाक मारून कॉफी हवी का विचारलं होतं. ते गुलाबी गाल नीवेसच्या डोळ्यांसमोरून हलायला तयार नव्हते. जळणाऱ्या गॅसमधून जे विष निघतं त्याला वास नाही, रंग नाही, आणि ते माणसाला खोकलासुद्धा येऊ देत नाही, एवढं तिनं तेव्हा नीट समजून घेतलं. मग तिनं हवेतलं विष ओळखून ओरडणारा एक अलार्म आणला. प्रत्येक तंबूत तो ती स्वतःच्या हातानं टांगायची. ओदोरिको त्याला 'तुझा पोपट' म्हणायचा, कारण थंडीनं बॅटरी उतरली की तो अधूनमधून टिवटिव करायचा आणि कामातलं लक्ष उडायचं.

त्या वर्षी नोव्हेंबर संपत आला तरी कोस्केलांचं काम राहिलंच होतं. घर गावाबाहेर, सुपीरियर सरोवराच्या काठावर. नवराबायको दोघं ॲरिझोनात ऊन खायला गेलेले, आणि नाताळाआधी परत येतील तेव्हा पायऱ्या आणि दारापुढचा ओटा तयार हवा, एवढंच सांगून गेलेले. फिनलंडकडची माणसं, फार बोलायची नाहीत, पण बोललेलं विसरायचीही नाहीत. तिकडे काँक्रीटचा कारखाना हिवाळ्यासाठी बंद व्हायला आला होता. नीवेसनं बापाला सांगून पाहिलं की वसंतात करू, कोस्केला काही खात नाहीत आपल्याला. ओदोरिको म्हणाला, शब्द दिलाय. विषय संपला.

त्यांचा नेहमीचा रिवाज असा, की हीटर तंबूच्या बाहेर ठेवायचा आणि कापडाच्या जाड नळीतून नुसती गरम हवा आत सोडायची. धूर बाहेरचा बाहेर. त्या सकाळी नळी उलगडायला घेतली तर ती थंडीनं लाकूड झालेली, वाकवताक्षणी आडवी तडकली. दुसरी नळी गावात कुणाकडे मिळेल याचा विचार करायलाही उसंत मिळाली नाही, कारण काँक्रीटची गाडी फाटकातून आत वळत होती. गाडी परत पाठवायची म्हणजे काम वसंतावर. हीटर आत घ्यावा लागला.

नीवेसनं दोन अटी घातल्या. सरोवराकडच्या बाजूचा पडदा हातभर उघडा राहील, आणि पोपट डोक्यावर टांगलेला राहील. ओदोरिको कबूल झाला. तो इतक्या चटकन कबूल झाला तिथेच खरं तर तिनं ओळखायला हवं होतं.

ओतण्याचं काम दुपारपर्यंत आटोपलं. मदतीला आलेले दोघे गडी दुसऱ्या कामावर निघून गेले. ओदोरिकोनं रंगाची पूड पेरली, राखाडीत किंचित तपकिरी. मग तो स्लॅबच्या कडेला गुडघ्यावर बसून बोटानं दाबून बघायला लागला, साचे मांडायची वेळ झाली का ते. नीवेसनं सिलिंडर हलवून पाहिले. रात्रभर पुरेल एवढा गॅस नव्हता. गावातलं दुकान बंद व्हायच्या आत जाऊन आणायला हवा होता, आणि ओला स्लॅब टाकून बाप येणार नव्हता हे तर उघडच होतं. ती निघाली, पण तिचा पाय निघेना.

"पापा, पडदा उघडा ठेवशील ना?"

"ठेवीन गं बाई. एवढा पाठपुरावा तुझ्या आईनंसुद्धा केला नाही."

"मधूनमधून बाहेर येऊन श्वास घे. आणि तो अलार्म..."

"आहे, आहे. जा तू. काँक्रीट तुझ्यासाठी थांबायचं नाही."

तिनं वर पाहिलं नाही. सकाळी आपण तो टांगला होता एवढं तिला आठवत होतं, आणि तेवढ्यावर ती निघाली.

गावात गर्दी होती. दोन सिलिंडर ट्रकमध्ये चढवून ती परत फिरली तेव्हा बर्फ पडायला लागला होता, बारीक आणि तिरपा, आणि दिवस उतरत चालला होता. हमरस्त्याला लागल्यावर थोड्या वेळानं तिला एक आवाज ऐकू आला. टिव. तिला वाटलं ट्रकचंच काही खिळखिळं झालं असेल. ती पुढे गेली. पुन्हा टिव. आवाज शेजारच्या सीटखालून येत होता.

तिनं ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला. सीटखाली हात घातला तर बापाचा लोकरी मफलर लागला, चेंडूसारखा गुंडाळलेला. आवाज दबावा म्हणून त्यानं अलार्मला मफलरात बांधून ट्रकमध्ये टाकलं होतं. बहुधा काँक्रीट ओततानाच्या धांदलीत, तिची पाठ वळलेली बघून.

  नीवेसनं बापाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. साचे मांडायला लागला की तो पोपचा फोन आला तरी उचलायचा नाही, हे तिला ठाऊक होतं. हात रंगानं माखलेले असतील, फोन कोटात असेल, कोट खुंटीला असेल, असं ती स्वतःला समजावत राहिली. पण देनिसच्या बायकोनंही त्या संध्याकाळी स्वतःला हेच समजावलं असणार. तिनं ॲम्ब्युलन्सला फोन केला. पलीकडच्या बाईनं शांतपणे पत्ता विचारला, मग विचारलं की तुमचे वडील बेशुद्ध आहेत का. नीवेस म्हणाली, मला दिसत नाहीत ते. बाईनं विचारलं, मग काय झालंय नक्की? काय झालंय ते सांगताना नीवेसचा आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. गाडी निघतेय, पण रस्ते वाईट आहेत, असं सांगून बाईनं तिला बजावलं की तुम्ही आत शिरू नका. नीवेस हो म्हणाली आणि तिनं ट्रक सुरू केला.

पुढे बर्फ लोटणारी गाडी आली. ती आपल्या चालीनं सबंध रस्ता अडवून चाललेली, पुढे जाण्याची सोय नाही. नीवेसनं भोंगा वाजवला, दिवे उघडमिट केले, शेवटी दोन्ही हातांनी स्टिअरिंगवर बुक्क्या मारल्या. जीव नुसता टांगणीला लागला होता. चर्चमध्ये ती नाताळापुरती जाणारी, पण त्या गाडीमागे तिनं येतील तेवढे सगळे संत आठवले. पडदा उघडा असेल, असं ती म्हणत होती. हट्टी आहे, लबाड आहे, पण पडद्याचं त्यानं कबूल केलंय. मग तिला सरोवरावरून येणारा वारा ऐकू यायचा आणि स्लॅबची ती बाजू दिसायची, पडद्यालगतची, जिला वारा थेट लागणार. आपल्या तान्ह्याला वारा लागतोय हे हा माणूस किती वेळ बघत बसेल, हा हिशेब तिला करवेना.

कोस्केलांच्या वळणावर ती पोचली तेव्हा उजेड जेमतेम होता. निळसर बर्फात तंबू आतल्या दिव्यांनी नारिंगी पेटल्यासारखा दिसत होता. पडदा बंद होता. नुसता बंद नव्हता, त्याची खालची कड आत ओढून घेऊन वर वाळूची पोती रचलेली होती. एवढ्या निगुतीनं बंद केलेला, की उजेडाची रेघसुद्धा बाहेर पडत नव्हती.

आणि आतून गाणं ऐकू येत होतं.

 ट्रकचं दार उघडं टाकून नीवेस तंबूकडे धावली. मेला नव्हता. गात होता, त्याचा तो फाटका आवाज, द्राक्षं खुडणाऱ्या बायकांचं कसलंसं चावट गाणं. तिला हसू आलं आणि रडूही आलं, आणि मग इतका संताप आला की आत जाऊन आधी त्याच्या हातातली धुम्मस हिसकावून घ्यायची असं तिनं ठरवलं. तिनं खिशातला चाकू काढून ताडपत्री उभी फाडली, छाती भरून श्वास घेतला आणि आत शिरली.

आतली ऊब तोंडावर आली. ओदोरिको स्लॅबवर गुडघ्यांवर होता, नुसत्या शर्टात, बाह्या वर सारलेल्या. त्यानं मान वर केली. गाल गुलाबी होते.

त्याच्या चेहऱ्याकडे बघवेना म्हणून तिची नजर खाली स्लॅबवर गेली. दारापासून पहिल्या पायरीपर्यंतचं काम बापाचंच होतं. दगडाला दगड असा भिडलेला की सांधा शोधावा लागावा. पायरीनंतर एक सांधा बोटभर सरकलेला होता. ओदोरिको त्रामोंतिनचा सांधा कधी सरकत नाही. त्याच्यापुढचा वीतभर सरकलेला. मग एक साचा उलटा. मग साच्यावर साचा, त्यावर आणखी एक तिरपा, दगडातून दगड निघालेले, कुठे वर आलेले, कुठे खोल गेलेले, आणि शेवटी शेवटी तर नक्षी म्हणावं असं काही उरलंच नव्हतं, नुसती चिवडाचिवड. पूड पेरलेल्या रंगावर पांढुरकी भुकटी आली होती. हीटरचा धूर कोंडला की ओल्या काँक्रीटच्या तोंडावर अशी भुकटी येते. बापाची शुद्ध कुठून ढळायला लागली आणि कशी ढळत गेली, ते सगळं त्या स्लॅबवर पायरीपायरीनं उमटलं होतं. आणि तो त्याच्या मधोमध बसून मजेत धुम्मस ठोकत होता.

"आलीस, दोरीना?" तो म्हणाला. "ये, बघ. दोनच राहिलेत."

तिनं त्याच्या काखेत हात घातला. त्यानं झिडकारलं. तिनं पुन्हा ओढलं, तर त्या म्हाताऱ्याच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे, त्यानं तिला ढकलून दिलं आणि ओल्या काँक्रीटवर बुटांनी आली म्हणून वसकन अंगावर आला. तिचा श्वास संपत आला होता. डोकं जड व्हायला लागलं होतं. ओढून हा येणार नाही, आणि आणखी थोडा वेळ गेला तर आपणही त्याच्या शेजारी बसून गाऊ, हे तिला लख्ख कळलं. मग तिनं जे केलं ते विचार करून केलं नाही. आई ज्या आवाजात बोलायची त्या आवाजात ती बोलली.

"ओदोरिको. पोलेंटा गार होतोय. पुरे झालं आता, जेवायला चल."

त्यानं धुम्मस खाली ठेवली. वर्षानुवर्षं या एकाच वाक्याला तो कामावरून उठत आला होता. हात शर्टाला पुसत तो निमूट उठला, तिच्यामागून फाडलेल्या ताडपत्रीपर्यंत चालत आला, आणि बाहेरचा वारा तोंडाला लागताच पोत्यासारखा खाली कोसळला. नीवेसनं त्याला बर्फातून ओढत झाडापर्यंत नेलं. त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती त्याच्या गालांवर चापट्या मारत राहिली. ते गाल पांढरे व्हावेत, निळे व्हावेत, काहीही व्हावेत, पण गुलाबी नकोत, एवढंच ती मागत होती. ॲम्ब्युलन्सचे दिवे वळणावर दिसले तेव्हाही तिचा हात थांबला नव्हता.

इस्पितळात त्याला प्राणवायूचा मुखवटा लावला. डॉक्टरीणबाई चांगली होती, तिनं उगाच धीर दिला नाही. थोडा आणखी उशीर झाला असता तर आपण बोलत बसलो नसतो, असं ती सरळ म्हणाली. सकाळी ऊन आलं तेव्हा ओदोरिको जागा झाला. त्यानं तिला तिच्या स्वतःच्या नावानं हाक मारली, पाणी मागितलं आणि इस्पितळाच्या कॉफीला नावं ठेवली. जीव वाचला होता. नीवेसनं मग रात्रभर मनात घोळवलेली सगळी शिव्यांची लाखोली बाहेर काढायला खुर्ची पुढे ओढली. पण तो तिच्याकडे बघून हसत होता.

"पाहिलंस का गं?" तो म्हणाला.

"काय?"

"ओटा. पायरीपासून पुढचा." त्यानं मुखवटा हातानं बाजूला धरला. "वारा फार लागत होता म्हणून घटकाभर पडदा लावला, ती चूक माझी. पण त्यानंतर हात असा चालला, नीवेस, की उभ्या जन्मात चालला नव्हता. सांधे आपणहून जाऊन बसत होते. मला वाटलं, चला, एकदाचं जमलं. बाबांना जमायचं तसं."

 सबंध वाटेवर तिनं कल्पना केली होती ती दुखण्याची, घुसमटण्याची, हाका मारण्याची. तिनं विचारलं, डोकं दुखत नव्हतं? मळमळ? तो आठवत राहिला. सुरुवातीला थोडं ठणकलं असेल, म्हणाला, पण मग इतकं छान वाटायला लागलं की तिकडे लक्षच गेलं नाही. खोटं सांगावं असं तिच्या मनात आलं. पण महिनाभरात कोस्केला परत येणार होते, आणि हा बरा झाल्याबरोबर पहिला तिकडेच जाणार होता.

"पापा, तो ओटा फोडावा लागणार आहे," ती म्हणाली. "पायरीपासून पुढचा सगळा. एकही सांधा जागेवर नाही. तू साच्यावर साचे ठोकलेस. मला आई समजलास."

तो हसला. थट्टा करतेयस, म्हणाला. मग त्यानं तिचा चेहरा नीट पाहिला, आणि त्याचं हसू हळूहळू गेलं. पांघरुणावरचे आपले हात त्यानं उलटसुलट करून पाहिले.  आयुष्यात नीवेसनं आपल्या बापाला कशाला भ्यालेला पाहिला नव्हता. आता त्यानं तिची बाही पकडली, आणि पकड सैल करेना.

"पण मी बघितलं होतं," तो म्हणाला. "ह्या डोळ्यांनी. एकेक सांधा."

"हो, पापा."

"आत्ताही मला बरंच वाटतंय, नीवेस. अगदी बरं." त्याचा आवाज खाली गेला. "हे तरी खरं का?"

नीवेसनं बाजूला सरकलेला मुखवटा पुन्हा त्याच्या नाकावर नीट बसवला.